मुकादमाने दिलेली सुट्टी

"मामा, आजपासून हा जावई कामाला हात लावणार नाही. फक्त बोट लावणार. तेही एकच."

एकहातीने उजव्या हाताचं बोट सासऱ्यांच्या नाकासमोर असं धरलं, जसं काही ते नुकतंच दुकानातून आणलं होतं.

ऑफिसात त्याला सगळे एकहातीच म्हणायचे. कंपनीचे तीसेक सर्व्हर तो एकटा सांभाळायचा, आणि तसं दर दोन वाक्यांनी सांगायचा, म्हणून हे नाव पडलं होतं. नावात टोमणा होता, पण तो त्याच्यापर्यंत कधी पोचला नाही.

सासरे शाळेत ड्रिल मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ताठ उभे राहायचे, आणि समोरचाही ताठ उभा आहे का ते बघायचे. मुलगी दिली त्या दिवसापासून त्यांना एकच प्रश्न छळत होता: हा माणूस दिवसभर नेमकं करतो काय? त्यात गेल्या वर्षी त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दगदग नको सांगितल्यावर त्यांच्यापाशी विचार करायला वेळच वेळ झाला, आणि प्रश्न आणखी मोठा झाला. शेवटी आज दुपारी ते स्वतःच बघायला आले.

"सर्व्हर म्हणजे नोकरच ना?" त्यांनी जिना चढतानाच विचारलं होतं.

"शब्दाचा अर्थ तोच, मामा."

"मग तुम्ही नोकरांचे नोकर."

हे एकहातीला लागलं होतं. म्हणून तर ते बोट.

"पूर्वी होतो," तो म्हणाला. "दारांची कुलपं सांभाळणारा सर्व्हर एक, एसी सांभाळणारा दुसरा, फोनचा तिसरा, हजेरीचा वेगळा, शाखांचे आणखी वेगळे. एक साधी गोष्ट बदलायची तर प्रत्येकाच्या दारात जाऊन तेच तेच सांगत बसायचं. आता मी मुकादम ठेवलाय."

"माणूस?"

"प्रोग्रॅम. माझ्या टेबलावर एक नमुन्याचं मशीन आहे. मुकादम दर पंधरा मिनिटांनी सगळ्या सर्व्हरवर फेरी मारतो. नमुन्यात जे आहे तेच ह्यांच्यात आहे का बघतो. नसलं तर तसं करून टाकतो. कुणी मधे हाताने काही बदललं, तर पुढच्या फेरीला पुन्हा जागेवर!"

सासऱ्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "हे तर ड्रिल झालं. पुढच्याने हात वर केला की मागच्या सगळ्यांनी वर."

"अगदी!"

"आणि पुढच्यानेच चूक केली तर?"

"पुढचा मी आहे, मामा."

सासरे यावर काही बोलले नाहीत. ड्रिल मास्तर गप्प बसला की समजावं, त्याने शिट्टी तोंडात धरली आहे.

तेव्हा एकहातीने ठरवलं की आता डोळ्यांनीच दाखवायचं. त्याने कॉरिडॉरच्या टोकाचं लोखंडी दार कार्ड लावून उघडलं आणि सासऱ्यांना सर्व्हरच्या खोलीत उभं केलं. आत काळी कपाटं, कपाटांत मशिनं, मशिनांवर बारीक हिरवे दिवे आणि अंगावर काटा आणणारी गार हवा. "तुम्ही इथे मधोमध उभे राहा. मी बाहेर लॅपटॉपवरून एक बटण दाबतो. मुकादम त्याची पहिली फेरी मारेल तसे सगळे दिवे एकदम लुकलुकतील. तीस नोकर एकदम सलाम ठोकतील म्हणा ना."

"पिशवी?"

"राहू द्या बाहेरच."

दार आपोआप लागलं. दाराला वितभर काचेची खिडकी होती. तिच्यातून सासरे दिसत होते: छाती पुढे, हात मागे, सलाम घ्यायला तयार.

आता या धंद्यातला साधा नियम असा, की नवी गोष्ट आधी एका मशीनवर करून बघावी, मग दोनांवर, मग दहांवर. मुकादमाने तसं विचारलंही: "कोणाकोणाला लागू करू?" पण एक दिवा लुकलुकून सासऱ्यावर काय छाप पडणार? एकहातीने "सगळ्यांना" निवडलं आणि ते बोट टेकवलं.

दिवे लुकलुकले. सगळे, एकदम. सासऱ्यांनी मान डोलावली. एकहातीच्या छातीवर मेडल लागायचं तेवढं बाकी राहिलं.

मग कॉरिडॉरमधले दिवे गेले. दारातून "खट्" असा जाडजूड आवाज आला. कुठेतरी छताच्या वर बारा महिने चालणारी घरघर थांबली, आणि ती थांबल्यावर पहिल्यांदा कळलं की ती होती. एकहातीच्या खिशातला मोबाईल थरथरला. कंपनीचा मेसेज होता: "आज सुट्टी आहे. घरच्यांसोबत वेळ घालवा."

एकहातीने तो दोनदा वाचला, आणि मग त्याला मघाची गोष्ट आठवली.

सासरे येण्याच्या जरा आधी त्याने नमुन्याच्या मशीनवरचं सुट्ट्यांचं कॅलेंडर तपासलं होतं. सुट्टीची सेटिंग नीट चालते का बघायला आजच्या तारखेवर खूण केली होती. ती उत्तम चालली. खूण काढायची, एवढ्यात खालून वॉचमनचा फोन आला होता की तुमचे सासरे आलेत आणि मला पाय जुळवून उभं राहायला सांगतायत. तो धावत खाली गेला. खूण राहिली.

म्हणजे आता कंपनीच्या प्रत्येक मशीनला मनापासून वाटत होतं की आज सुट्टी आहे.

खालच्या कँटीनमधून आरडाओरडा ऐकू आला. क्षणभर त्याला वाटलं, काही अपघात झाला. तो आनंद होता. सुट्टी म्हटल्यावर माणूस कारण विचारत नाही. मेन गेटची फिरती दांडी सुट्टीच्या दिवशी बाहेर जायला मोकळी आणि आत यायला बंद असते, त्यामुळे अख्खं ऑफिस अर्धं जेवण ताटात टाकून त्या दांडीतून गोल गोल फिरत बाहेर पडलं. दारं-कुलपं दुरुस्त करणारा मिस्त्री सगळ्यात पुढे होता. वॉचमन जाताना वर बघून ओरडला, "साहेब, तुम्हीपण निघा! हजेरी लागत नाहीये आज!"

"अरे थांब! वर ये!"

"सुट्टी आहे साहेब!"

एकहातीने कार्ड दाराला लावलं. तांबडा दिवा. पुन्हा लावलं. तांबडा. खालच्या पट्टीवर अक्षरं सरकली: कृपया कामाच्या दिवशी या.

लॅपटॉपवर वळला तर वायफाय गेलेलं. सुट्टीच्या दिवशी वायफाय बंद ठेवायची, ही त्याचीच सूचना. इतर कुठल्या मशीनवरून लॉगिन करावं तर सुट्टीच्या दिवशी कुणालाच लॉगिन करू द्यायचं नाही, हा साहेबांचा हुकूम. लोक सुट्टीला काम करतात आणि मग बदली सुट्टी मागतात, म्हणून. साहेबांनी हुकूम काढला होता आणि एकहातीने तो इतका चोख बसवला होता की त्यातून मुंगीसुद्धा आत जाणार नव्हती.

आतल्या बाजूला सासऱ्यांनी दाराजवळचं हिरवं बटण दाबलेलं दिसलं. बाहेर पडायचं बटण. आग लागो, भूकंप होवो, ते दाबलं की दार उघडतं. म्हणजे महिन्याभरापूर्वीपर्यंत उघडायचं. मग एकहातीने ठरवलं की प्रत्येक बटण एका जागेवरून चालवायचं, आणि तेही दारांच्या सर्व्हरला जोडून टाकलं. सासऱ्यांनी बटण दाबलं. बटणाने सर्व्हरला विचारलं. सर्व्हर म्हणाला, सुट्टी आहे.

राहिली साधी लोखंडी किल्ली. ती किल्ल्यांच्या कपाटात होती. कपाटाला इलेक्ट्रॉनिक कुलूप होतं. ते कुणी बसवलं हे विचारण्यात अर्थ नव्हता.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. एकहाती काचेला नाक लावून हसला, आणि अंगठा वर केला. सासऱ्यांनीही अंगठा वर केला. त्यांना वाटत होतं, कार्यक्रम अजून चालू आहे.

दाराशेजारी आगीच्या यंत्रणेचा फलक होता. त्यावर आतल्या हवेचं तापमान दिसायचं. मघाशी अठरा होतं. आता सव्वीस. आणि त्याच्या डोळ्यांसमोर सत्तावीस झालं.

एसी सुट्टीवर होता. मशिनं मात्र चालू होती, आणि तीस मशिनं बंद खोलीत म्हणजे तीस शेगड्या. फलकाखाली तीन ओळी लिहिल्या होत्या, त्या त्याला पाठ होत्या. पंचेचाळीसला पिवळा दिवा. पन्नासला लाल. पंचावन्नला यंत्रणा खोलीत गॅस सोडणार. हा गॅस आग विझवतो, कारण तो आगीला लागणारी हवाच संपवतो. माणसाला लागणारी हवा वेगळी नसते.

आगीची यंत्रणा तेवढी मुकादमाच्या हाताखाली नव्हती. ते एकच खातं एकहातीकडे नव्हतं. त्यामुळे तेवढंच व्यवस्थित चालू होतं.

त्याने अग्निशमन दलाला फोन लावला.

"कुठे आग लागलीय?"

"आग नाहीये हो. आग विझवायचं मशीन आहे. त्याच्यापासून माणूस वाचवायचाय."

"आग आहे की नाही?"

"नाही! पण आत माणूस आहे आणि गॅस सुटणार आहे!"

"सिलिंडर लीक?"

"तुम्ही या! आधी या, मग भांडू!"

येतो म्हणाले. मग त्याला आठवलं की गेट आत यायला बंद आहे.

साहेबांना फोन लावला. साहेब गाडीत होते. मागे मुलांचा गोंगाट चालला होता. त्यांनाही मेसेज आला होता आणि त्यांनीही कारण विचारलं नव्हतं.

"साहेब, आज सुट्टी नाहीये."

"मला मेसेज आलाय."

"तो चुकून गेला. साहेब, माझे सासरे सर्व्हरच्या खोलीत अडकलेत. सुट्टीच्या दिवशी लॉगिन बंद असतं तो नियम..."

"तो नियम बदलायचा तर बदल समितीपुढे ठेवावा लागेल."

"ठेवतो! समिती कधी बसते?"

"कामाच्या दिवशी," साहेब म्हणाले, आणि मग जरा थांबून, "कोण अडकलंय म्हणालास?"

फोन गेला. बोगदा असावा.

खिडकीतून पाहिलं तर सासऱ्यांनी कोट काढून हातावर घेतला होता. चौतीस. एकहातीला एकदम सुचलं: त्यांनी आतून मशिनांच्या वायरी ओढल्या, तर मशिनं बंद होतील, उष्णता थांबेल! त्याने ओरडून सांगितलं. पण दार जाड आणि आत तीस पंखे भणाणत होते. कागदावर लिहून दाखवावं तर सासऱ्यांचा वाचायचा चष्मा बाहेरच्या पिशवीत. मग त्याने खुणा केल्या. दोन्ही हात पुढे, मुठी घट्ट, जोर लावून मागे. ओढा!

सासऱ्यांनी नीट पाहिलं. मान हलवली. कोट खाली ठेवला. आणि दोन्ही हात पुढे करून, मुठी वळून, जोरात मागे घेतले. पुन्हा पुढे. पुन्हा मागे.

जावई व्यायाम करायला सांगतोय, असं त्यांना वाटलं होतं. इतक्या वर्षांत जावयाने केलेली ही पहिली शहाणपणाची सूचना होती.

"तसं नाही, मामा!" एकहातीने दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवले. आणि त्याच क्षणी त्याला कळलं की वायरी ओढल्या नाहीत तेच बरं. ओढताना दारांच्या सर्व्हरचीच वायर हाती लागली असती, तर ते दार उघडायला सांगणारं कुणीच उरलं नसतं. तो आणखी जोरात हात हलवू लागला. सासऱ्यांनी तेही उचललं. पुढे, मागे, वर, आडवे. एक, दोन, तीन, चार. छातीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मना केलेला एकूण एक प्रकार ते तापणाऱ्या खोलीत तालात करत होते.

खिशात फोन वाजला. बायको.

"बाबा पोचले का रे?"

"पोचले."

"त्यांना त्या तुझ्या गार खोलीत नेऊ नकोस हं. सर्दी होते त्यांना."

"नाही. गार नाहीये."

"आवाज असा का येतोय तुझा?"

"जिना चढलो. ठेवतो."

एकोणचाळीस.

तेव्हा कुठे त्याचं डोकं चालायला लागलं. मुकादम नमुन्याचंच ऐकतो. नमुन्याला सुट्टी म्हणून सगळ्यांना सुट्टी. मग नमुन्यावरची खूण काढली, तर पुढच्या फेरीत मुकादम आपणहून सगळ्यांची सुट्टी रद्द करेल! मुकादमाला काही सुट्टी नव्हती. आणि नमुन्याचं मशीन चालू होतं, त्यावर तो सकाळपासून लॉगिन होता. फक्त ते त्याच्या टेबलावर होतं, टेबल हिशेब खात्यात होतं, आणि हिशेब खात्याचं काचेचं दार बंद होतं.

पण आत ताई होत्या!

हिशेब खात्याच्या ताई कधीच कँटीनमध्ये जायच्या नाहीत. आत्ताही डबा उघडून, पाठ दाराकडे करून शांतपणे जेवत होत्या. त्यांना सुट्टीचा पत्ताच नव्हता, कारण हिशेब खात्यात मोबाईल न्यायला बंदी. एकहातीने काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. साहेबांनी ही काच मुद्दाम आवाज आरपार न जाणारी बसवली होती. ताईंनी लोणच्याची फोड नीट कडेला केली, घास घेतला.

त्याने कॉरिडॉरमधली कचऱ्याची टोपली उचलून काचेवर आदळली. ताई वळल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि डब्याचं झाकण लावलं.

कॉरिडॉरमधल्या सूचना फलकावरचे बदल समितीचे जुने कागद त्याने फाडले आणि त्यांच्या मागे मार्करने लिहून काचेला लावले: माझ्या मशीनवर बसा!

ताईंनी चष्मा पुसून वाचलं. टेबलावरचा कागद घेतला आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं: "तुमच्या मशीनला हात लावायचा नाही, अशी तुम्हीच आमची सही घेतलीय."

"ती सही रद्द!"

"लेखी द्या."

"हेच लेखी आहे!!"

ताईंना ते पटलं. त्या उठल्या, हात धुवायच्या बाटलीने हात धुतले, पुसले आणि त्याच्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची त्यांना उंच होती. ती खाली करायचा खटका शोधू लागल्या. एकहातीने काचेवर कपाळ आपटलं. त्या बिचकून तशाच बसल्या.

तो एकेक कागद दाखवत गेला. कॅलेंडर उघडा. आजची तारीख. खूण काढा. ताई एका बोटाने, पण बरोबर चालल्या होत्या. मग त्यांनी हात वर करून "झालं" असं दाखवलं, आणि तो वळून पळत सुटला.

कॉरिडॉरच्या टोकाला पिवळा दिवा लागला होता. सेहेचाळीस. सासऱ्यांचा शर्ट निघाला होता, पँटही निघाली होती. बनियन आणि चड्डीवर ते अजून हात पुढे-मागे करत होते, पण ताल बिघडला होता. हात मागे येताना मधेच राहत होता.

"बसा मामा! बसा! विश्राम!" त्याने स्वतः खाली बसून दाखवलं.

सासरे ही खूण मात्र समजले. खाली बसले, आणि पाठ कपाटाला टेकवली. मान खाली घातली. एकहातीने त्यांना वाकून बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. जेवायलासुद्धा ते सावधान बसायचे.

फेरीची वेळ झाली. आतले दिवे लुकलुकले. सगळे, एकदम.

त्याने दार ओढलं. तांबडा दिवा. कृपया कामाच्या दिवशी या.

तो पुन्हा काचेकडे पळाला. वाटेत खिडकीतून गेटपाशी अग्निशमनाची गाडी दिसली. दोन जवान दांडीतून आत यायचा प्रयत्न करत होते आणि दांडी त्यांना हळुवारपणे बाहेर ढकलत होती.

"काय केलंत?" त्याने लिहिलं. मार्कर सुकत आला होता.

ताईंनी लिहिलं: "खूण काढली. मग मशीनने विचारलं, विभागप्रमुखांची परवानगी घेतली आहे का? मी 'नाही' दाबलं."

एकहातीला आठवलं. तो प्रश्न त्यानेच टाकला होता, कुणी उगाच सुट्टीशी खेळू नये म्हणून. त्या दिवशी त्यावर तो स्वतःच हसला होता.

"हो दाबा!"

ताईंनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं. "घेतलीय का परवानगी?"

त्याने लिहिलं: नाही.

"मग खोटं दाबू? वीस वर्षांत दाबलं नाही."

एकहातीकडे कागद संपले होते. त्याने मार्कर टाकला. काचेसमोर उभा राहिला, हाताने कॉरिडॉरचं टोक दाखवलं, मग सासऱ्यांसारखी छाती पुढे काढून ताठ उभा राहिला, मग कपाळावरचा घाम निपटून दाखवला, आणि मग त्याला आणखी काय करावं ते सुचेना. त्याने दोन्ही हात जोडले. चेहऱ्यावर काय होतं, ते त्याला माहीत नव्हतं. ताईंनी मात्र पाहिलं. त्या झटक्यात वळल्या, खूण काढली आणि "हो" दाबलं. दाबताना डोळे मिटले होते.

आता फक्त फेरी. मुकादम आपल्या वेळेला येणार होता. आधी नाही, नंतरही नाही. त्याला घाई करायला सांगणारी वाट लॉगिनच्या मागे होती, आणि लॉगिन सुट्टीच्या मागे.

लाल दिवा लागला. छतातल्या भोंग्यातून एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, "कृपया खोली रिकामी करा." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. ती घाईत नव्हती.

एकहातीने सासऱ्यांच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून दाराच्या फटीतून पाणी ओतून पाहिलं. फट नव्हती. पाणी त्याच्याच बुटात गेलं. मग तो खिडकीशी उभा राहिला आणि काचेवर बोटाने टकटक करत राहिला, एक-दोन, एक-दोन, नुसती सोबत म्हणून. आतून उत्तर येत नव्हतं. मग सासऱ्यांनी मान न उचलता एक हात वर केला आणि दोन बोटं हलवली. एक-दोन.

एक्कावन्न. बावन्न. बायकोला काय सांगायचं, याचा तो विचार करू लागला, आणि पहिल्या शब्दापुढे त्याला जाता येईना. त्रेपन्न. फलकावरचा आकडा इतका वेळ तसाच राहिला की त्याला वाटलं, बिघडला. मग चोपन्न झाला.

आतले दिवे लुकलुकले.

खट्.

दार उघडलं तसा भट्टीचा झोत त्याच्या तोंडावर आला. तो आत घुसला, सासऱ्यांना काखेत हात घालून उचललं, आणि पन्नाशी उलटलेल्या हवेतून ओढत कॉरिडॉरमध्ये आणलं. छताच्या वर घरघर सुरू झाली. बाई वाक्याच्या मधेच गप्प झाली. चोपन्नचे त्रेपन्न झाले.

सासरे भिंतीला टेकून बसले. चेहरा लालबुंद, बनियन अंगाला चिकटलेलं. एकहातीने त्यांचा हात धरला, नाडी कुठे असते ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून सगळंच मनगट धरून बसला.

"जावईबापू," शेवटी ते म्हणाले.

"मामा?"

"तुमचे नोकर फार तापट आहेत."

एकहाती हसायला गेला आणि त्याला रडूच आलं. सासऱ्यांनी ते न पाहिल्यासारखं केलं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि त्याच हाताने त्याच्या पाठीवर थाप मारली. "सरळ बसा. पोक काढून रडू नये."

गेट उघडल्यामुळे जवान वर आले. त्यांनी सासऱ्यांना ऑक्सिजन लावला, नाडी बघितली, ठीक आहे म्हणाले, आणि आग कुठे आहे ते पुन्हा एकदा विचारलं. ताई हिशेब खात्यातून डबा घेऊन बाहेर आल्या. एकहातीने त्यांना सुट्टीचा मेसेज दाखवला. "म्हणजे मी उगाच बसले होते," त्या म्हणाल्या, आणि घरी गेल्या. जाताना आपल्याला खोटं दाबायला लावलं हे त्यांनी एकहातीला ऐकवलं, आणि सासऱ्यांना उरलेली पोळी दिली.

जवान गेल्यावर साहेब आले. बोगद्यातून बाहेर पडल्यावर त्यांना तो शेवटचा प्रश्न आठवला होता आणि ते गाडी वळवून आले होते. सासऱ्यांची त्यांनी नीट चौकशी केली, दोनदा माफी मागितली. मग एकहातीला बाजूला घेतलं.

"हे तुझं मुकादम प्रकरण मला नको. आज दुपारच्या आधी सगळं जसं होतं, तसं करून ठेव. एकूण एक. मी आत जाऊन काय काय जळलंय ते बघतो."

"आत्ता करतो, साहेब."

साहेब नाकाला रुमाल लावून खोलीत गेले. एकहाती कॉरिडॉरमध्ये लॅपटॉप घेऊन बसला. वायफाय आलं होतं, लॉगिनही झालं. शेजारी सासरे पोळी खात होते आणि पडद्याकडे बघत होते, म्हणून त्याने या खेपेला एकेक शब्द वाचून बटण दाबलं. बटणावर लिहिलं होतं: "शेवटचा बदल मागे घ्या."

एकहातीच्या मते शेवटचा बदल म्हणजे त्याने दुपारी केलेला. मुकादमाच्या मते शेवटचा बदल म्हणजे ताईंनी काढलेली खूण. मुकादमाने ती पुन्हा लावली आणि लगेच फेरी मारली.

कॉरिडॉरमधले दिवे गेले आणि दार बंद झालं. साहेब आत होते.